दादाच्या अभ्यासासाठी

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो दादाच्या अभ्यासासाठी. आई बिल्डिंगमधल्या काकूंना हेच सांगत होती, बाबा कंपनीच्या बसमध्ये हेच सांगत होते, आणि दादा तर विचारलं नाही तरी सांगत होता. साल १९८८. दादा दहावीत, मी सहावीत, चिंचवडला दोन खोल्यांचं घर. बाबा एका कारखान्यात टूलरूमला. त्यांच्याबरोबरच्या एकाचा मुलगा इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर गेला, त्याचं यंत्र घरात पडून राहिलं, आणि ते निम्म्या किमतीत, तेही दोन हप्त्यांत, आमच्याकडे आलं.

बाबांनी ते टॉवेलात गुंडाळून आणलं होतं. सोडून बघितलं तर नुसता कीबोर्ड. काळा, जाडजूड, उजव्या कोपऱ्यात रंगांचे तिरके पट्टे. "बाकीचं कुठंय?" आईने विचारलं. बाकीचं काही नव्हतंच. पडदा म्हणजे घरातला टीव्ही आणि साठवण म्हणजे घरातला टेपरेकॉर्डर. अँटेनाची वायर काढून तिथे याची वायर खुपसली, ट्यूनिंगची कळ फिरवत बसलो, आणि एकदाच्या मुंग्या थांबल्या. पांढरा स्वच्छ पडदा, आणि अगदी तळाशी एक ओळ : १९८२, सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड.

"यात काहीच नाहीये," दादा म्हणाला.

"मग भरा," आई म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

यंत्राचं नाव डीबी स्पेक्ट्रम प्लस. पुण्यातल्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ च्या सुमारास ब्रिटिश कंपनीकडून परवाना घेऊन ते आपल्याकडे आणलं होतं. म्हणजे आमच्यापासून दहा-पंधरा मैलांवरचं यंत्र, आणि पडद्यावरची ओळ मात्र इंग्लंडातल्या केंब्रिजची. ही ओळ कुणाची, हे मला कळलं तेव्हा ते यंत्र माळ्यावर जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

क्लाइव्ह सिंक्लेअरचा जन्म १९४० चा. कॉलेजात गेला नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकांत लिहिता लिहिता त्याने धंदा उघडला, आणि सुरुवातीच्या दिवसांतला त्याचा एक उद्योग असा, की कारखान्यांनी नापास केलेले ट्रान्झिस्टर घाऊक भावात घ्यायचे, एकेक तपासायचा, बरे निघतील ते हौशी लोकांना टपालाने विकायचे. हा स्वभाव पुढे कधी सुटला नाही. १९७२ मध्ये त्याने खिशात मावेल असा चपटा कॅल्क्युलेटर काढला. १९८० मध्ये झेडएक्स ८० हा शंभर पौंडांच्या आतला कॉम्प्युटर, पुढच्याच वर्षी झेडएक्स ८१, सत्तर पौंडांच्या आत, आणि सुटे भाग घेऊन घरी डाग मारत बसायची तयारी असेल तर पन्नासच्याही आत. मेमरी एक केबी. हा परिच्छेद त्यात मावणार नाही. तरी लोकांच्या उड्या पडल्या, कारण तोवर कॉम्प्युटर ही घरात घ्यायची वस्तूच नव्हती.

मग २३ एप्रिल १९८२ ला स्पेक्ट्रम आला. सोळा केबीचा १२५ पौंडांना, अठ्ठेचाळीसचा १७५ ला. त्याच सुमारास बीबीसीने आपल्या टीव्हीवरच्या कार्यक्रमासाठी एक कॉम्प्युटर निवडला होता. ते कंत्राट सिंक्लेअरला हवं होतं; मिळालं एकॉर्न या केंब्रिजमधल्याच कंपनीला, आणि ती कंपनी काढणाऱ्यांतला एक, ख्रिस करी, पूर्वी सिंक्लेअरच्याच हाताखाली होता. बीबीसीचं मशीन भक्कम, शाळांत शोभणारं, आणि चांगलं मॉडेल घ्यायचं तर चारशे पौंडांच्या घरात. सिंक्लेअरने त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत रंगीत चित्रं काढणारं यंत्र विकायला ठेवलं.

एवढं स्वस्त कसं, याचं उत्तर आत उघडून बघितलं की मिळतं, आणि मला त्या यंत्रातलं सगळ्यात आवडतं ते हेच. अठ्ठेचाळीस केबीच्या मॉडेलमध्ये वरची बत्तीस केबी मेमरी ज्या चिपांची होती, त्या मुळात दुप्पट क्षमतेच्या, पण अर्ध्या खराब निघालेल्या चिपा होत्या. कुठला अर्धा भाग चांगला आहे ते बघायचं आणि बोर्डावरची एक तार त्याप्रमाणे जोडायची. एरवी ज्याला कितीतरी चिपा लागल्या असत्या असं बरंचसं काम यूएलए नावाच्या एकाच चिपेत कोंबलेलं. अगदी पहिल्या लॉटमध्ये तर त्या यूएलएमध्येच चूक सापडली. आता नवी चिप बनवून येईपर्यंत कोण थांबणार? मग एक छोटी चिप उलटी, पाय वर करून वरच्या वर बसवून दिली. दुरुस्ती करणारे तिला 'मेलेलं झुरळ' म्हणायचे.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे रिजेक्शनच्या मालातून जॉब काढला. आणि वर रिवर्क करून पास केला." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

कीबोर्डाचीही तीच तऱ्हा. इंग्लंडातल्या पहिल्या स्पेक्ट्रमला रबराच्या कळा होत्या, खोडरबरासारख्या. हात फिरवला तर गार आणि बुळबुळीत लागतात असं वाचलंय. आमच्या प्लसला कडक प्लास्टिकच्या होत्या. पण गंमत कळांच्या आत होती. पी दाबला की पी उमटत नसे, सबंध 'प्रिंट' हा शब्द उमटे. जी दाबला की 'गो टू'. एफ म्हणजे 'फॉर', एन म्हणजे 'नेक्स्ट', एल म्हणजे 'लेट'. आधीच्या मॉडेलांचे कीबोर्ड इतके वाईट होते की त्यावर शब्द टंकायला लावणं म्हणजे शिक्षाच, आणि अख्खा शब्द एका बाइटमध्ये बसला तर मेमरीही वाचते, म्हणून ही योजना. ज्यांना टायपिंग येत होतं त्यांनी तिच्या नावाने बोटं मोडली. मी मराठी शाळेतली. पाचवीपासून इंग्रजी, म्हणजे जेमतेम वर्षभराचं. मला स्पेलिंग चुकायची सोयच त्या यंत्राने ठेवली नव्हती. जिथे जो शब्द येऊ शकत नाही तिथे तो उमटतच नसे, आणि ओळ चुकली तर एंटर दाबूनही ती वर जात नसे, चुकीच्या जागी एक प्रश्नचिन्ह लुकलुकत राही. वर्गात मास्तरांपुढे चुकण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

अभ्यास म्हणाल तर एकदा झाला. फॉर-नेक्स्ट वापरून मी एकोणतीसचा पाढा छापणारा प्रोग्राम केला. आईने तो टीव्हीवर उभा राहिलेला बघितला आणि तिला पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. यंत्राला एकोणतीसचा पाढा आला. मला अजून येत नाही.

दादाचं आणि त्या यंत्राचं पंधरा दिवसांत फाटलं, कारण त्याला खेळ हवे होते, आणि खेळ म्हणजे कॅसेट. जे दाबलं की 'लोड', मग दोन अवतरणचिन्हं, एंटर, आणि टेपरेकॉर्डरचं प्ले. आधी पाचेक सेकंद सलग एक शिट्टी, मग पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा खरखराट, टीव्हीच्या कडेला पळणारे पट्टे. असं चार-पाच मिनिटं. मध्येच चित्र उमटायला लागे, तेही सरळ वरून खाली नाही. पडद्याचे तीन भाग, आणि प्रत्येक भागात सात-सात रेघा सोडून एकेक रेघ, जणू कुणी आडवे धागे टाकून मग मधले भरतंय. श्वास रोखून बघायचं. आणि मग एकदम, चौथ्या मिनिटाला : आर, टेप लोडिंग एरर.

आमच्या कॅसेट म्हणजे कुणाच्या तरी कॉपीची कॉपी, तिची कॉपी. लेबलावर बॉलपेनने नाव, कधी तेही नाही. टेपरेकॉर्डर आजीच्या भजनांसाठी घेतलेला. दहा वेळा लावावं तेव्हा एकदा लागे. दादाने एक दिवस कॅसेट भिरकावली आणि खाली क्रिकेट खेळायला गेला.

बाबांची सुट्टी गुरुवारी असायची. त्या गुरुवारी मला ताप होता म्हणून मी घरी होते, आणि अंथरुणात बसून तीच कॅसेट पुन्हा पुन्हा लावत होते. बाबा पेपर वाचत होते. चौथ्या का पाचव्या वेळी पेपर खाली करून म्हणाले, "अगं, आवाज घोगरा येतोय."

"तो असाच असतो बाबा."

"नाही. परवा ती दुसरी लावली होतीस, तिचा धारदार होता. टूल बोथट झालं की मशीन असं बोलतं."

उठले. त्यांच्याकडे एक बारीक स्क्रू ड्रायव्हर होता, पितळी मुठीचा, टूलरूममध्ये त्यांनी स्वतःच केलेला. टेपरेकॉर्डरच्या प्लेच्या बटणापाशी एक भोक असतं, आपलं त्याकडे कधी लक्ष जात नाही. त्यातून आत बघितलं की टेप वाचणाऱ्या हेडचा स्क्रू दिसतो. कॅसेट चालू ठेवून, कान लावून, त्यांनी तो स्क्रू फिरवला. इकडे केसभर. आवाज आणखी बसला. तिकडे केसभर. आणि एकदम तो खरखराट मोकळा झाला, पडदा बाजूला सारल्यासारखा. "लाव आता." पहिल्या फटक्यात लागलं.

ज्या रेकॉर्डरवर ती कॅसेट भरली गेली त्याचं हेड जितकं तिरकं, तितकंच आपलं तिरकं करून घ्यायचं, एवढंच ते शास्त्र. पण बाबांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं. कॉम्प्युटर म्हणजे काय हेही त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. प्रोग्रामचा आवाज होतो आणि आवाज ऐकता येतो, एवढी फट त्यांना पुरली. पुढे बिल्डिंगमधली दोन-तीन पोरं आपापल्या कॅसेट घेऊन गुरुवारची वाट बघायला लागली. बाबा कॅसेट अर्धा मिनिट ऐकून सांगत, "हिची टेप ताणलीय, नाही लागायची." आणि नाही लागायची.

आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. त्यामुळे ज्या गोष्टीसाठी स्पेक्ट्रम जगभर बदनाम आहे ती मला माहीतच नव्हती. पडद्यावर २५६ गुणिले १९२ ठिपके, पण प्रत्येक ठिपक्याचा वेगळा रंग लक्षात ठेवायला मेमरी परवडणार नव्हती. म्हणून आठ बाय आठचे चौकोन केले आणि एका चौकोनात दोनच रंग, एक शाई, एक कागद. यंत्राच्या भाषेतही त्या आज्ञांची नावं 'इंक' आणि 'पेपर' अशीच होती. सगळ्या रंगांचा हिशेब ७६८ बाइटमध्ये आटपला. परिणाम असा, की खेळातला निळा माणूस लाल भिंतीजवळून गेला की त्याचा खांदा लाल व्हायचा. ब्रिटनमधली पोरं यावर हसायची, वैतागायची. आमच्या टीव्हीवर त्या माणसाचा खांदा जरा काळवंडायचा. मला वाटायचं, भिंतीची सावली पडली. केवढं बारकाईने केलंय! वर्षभराने एका मैत्रिणीच्या घरी रंगीत टीव्हीला ते यंत्र लावलं तेव्हा कळलं की सावली वगैरे काही नाही, दोष आहे. लोड होतानाचे कडेचे पट्टे आधी लाल-आकाशी आणि नंतर निळे-पिवळे असतात, हेही तेव्हाच कळलं. पट्टे आवडले. सावली गेली ते मात्र नाही आवडलं.

तिकडे इंग्लंडात काय चाललं होतं? तेच, जे आमच्या घरात. आईबापांनी अभ्यासासाठी यंत्र घेऊन दिलं होतं आणि पोरं खेळत होती. फरक इतकाच, की तिथे हजारो घरांत पोरं खेळ बनवायलाही बसली. १९८३ मध्ये मॅथ्यू स्मिथ नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने 'मॅनिक मायनर' लिहिला : वीस गुहा, एक खाणकामगार, आणि एका वेळी एकच सूर काढू शकणाऱ्या त्या स्पीकरमधून खेळ चालू असताना वाजत राहणारं संगीत. झोपायच्या खोलीत बसून लिहिलेले असे खेळ कॅसेटवर भरून दुकानांत जाऊ लागले, आणि ब्रिटनचा व्हिडिओ गेमचा धंदा उभा राहिला तो या पोरांच्या जिवावर.

सिंक्लेअरला याचं सुख नव्हतं. १९८३ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली, पण आपल्या यंत्राला जग खेळणं समजतं हे त्याला लागत असे. त्याला गंभीर कॉम्प्युटर काढायचा होता, आणि मनातून त्याहूनही विजेवर चालणारी गाडी काढायची होती. १९८४ च्या जानेवारीत त्याने क्यूएल हे कचेऱ्यांसाठीचं मशीन घाईघाईने जाहीर केलं. पैसे भरलेल्यांना ते मिळायला महिने लागले आणि मिळालं तेव्हा अर्धंकच्चं. (पुढे लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सकडे तरुणपणी हाच क्यूएल होता. अर्ध्याकच्च्या यंत्रांचेही काही उपयोग असतात.) त्याच वर्षीच्या डिसेंबरात केंब्रिजच्या एका पबमध्ये त्याने ख्रिस करीला गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने बडवलं, कारण एकॉर्नने जाहिरातीत सिंक्लेअरची यंत्रं बिघडून परत येतात असं सुचवलं होतं. दोन मोठी माणसं, करोडोंचे धनी, आणि पेपरची सुरळी. हा प्रसंग वाचताना मला उगाच आमच्या बिल्डिंगच्या सोसायटीची मीटिंग आठवते.

जानेवारी १९८५ मध्ये ती गाडी, सी ५, आली. तीन चाकं, बॅटरी, वर पायडल, ३९९ पौंड. इंग्लंडच्या कडाक्याच्या थंडीत, जमिनीला टेकेल इतकं खाली, उघड्यावर बसून ट्रकच्या चाकांशेजारून जायचं. देश हसला. ऑगस्टपर्यंत उत्पादन बंद. गाडीची कंपनी कागदोपत्री वेगळी होती, पण नाव एकच, आणि बाजारात नाव गेलं की कागद कोण बघतो. तोवर १९८४ च्या नाताळसाठी सगळ्याच कंपन्यांनी बनवून ठेवलेला माल गोदामांत पडला होता. रॉबर्ट मॅक्सवेल या वृत्तपत्रसम्राटाने कंपनी वाचवायचं जाहीर केलं आणि दोन महिन्यांत अंग काढून घेतलं. ७ एप्रिल १९८६ ला सिंक्लेअरने आपले कॉम्प्युटर आणि त्यावरचं आपलं नाव ॲमस्ट्रॅड या कंपनीच्या ॲलन शुगरला पन्नास लाख पौंडांना विकलं.

शुगरला या यंत्राबद्दल कसलाच गैरसमज नव्हता. हे खेळणं आहे, खेळण्यासारखं विकू. त्याच्या पहिल्याच मॉडेलमध्ये, प्लस टूमध्ये, टेपरेकॉर्डर कीबोर्डाच्या अंगातच बसवलेला होता. वायर नको, आवाज कमीजास्त करायला नको. शहाणपणाचा निर्णय, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. १९९२ मध्ये उत्पादन थांबलं तेव्हा पन्नास लाखांहून अधिक स्पेक्ट्रम विकले गेले होते.

यात पूर्व युरोप आणि रशियातल्या नकला धरलेल्या नाहीत. त्या कुणी मोजणार? तिथे मूळ यंत्र दुकानात मिळत नव्हतं आणि यूएलए तर नाहीच. पण आतली रचना इतकी काटकसरीची, की ती चिप साध्या चिपांची ओंजळ वापरून पुन्हा बांधता आली. लेनिनग्राड, मॉस्को, कुठेकुठे लोकांनी घरच्या टेबलावर स्पेक्ट्रम बनवले. केंब्रिजने हात झटकल्यावरही तिथे त्याच्यासाठी खेळ लिहिले जात राहिले.

आमचं यंत्र त्याआधीच गेलं होतं, आणि ते माझ्या हातून. दिवाळीच्या सुट्टीत कुणाकडून तरी जॉयस्टिकचा जोड आणला होता. तो मागच्या खाचेत बसवायचा, पण आधी यंत्र बंद करायचं. मी चालू यंत्राला बसवला, जरासा तिरका. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटी आल्या आणि मग त्याच राहिल्या. बाबांनी उघडून बघितलं. इथे ऐकण्यासारखं काही नव्हतं. बराच वेळ भिंगातून बघत राहिले, मग सगळे स्क्रू जागच्या जागी बसवून म्हणाले, "हे आपल्या हातातलं नाही." ओरडले नाहीत. दादाला तोवर दहावीत बहात्तर टक्के पडून तो कॉमर्सला गेलाही होता.

मी सॉफ्टवेअरमध्ये गेले नाही. हे सांगून टाकते, कारण अशा गोष्टींचा शेवट बहुधा तिथे होतो. मी बँकेत आहे.

सिंक्लेअर २०२१ च्या सप्टेंबरात वारला. म्हातारपणी तो स्वतः कॉम्प्युटर वापरत नसे, इंटरनेटच्या वाटेलाही जात नसे. ते वाचून मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

गेल्या वर्षी भाची इंग्लंडहून आली तिने माझ्यासाठी एक खोकं आणलं. २०२४ च्या नोव्हेंबरात स्पेक्ट्रमची नवी प्रतिकृती बाजारात आली, ती. रबराच्या कळांची, तेच तिरके पट्टे, अठ्ठेचाळीस खेळ आतच भरलेले. टीव्हीला एक वायर लावली की झालं. 'मॅनिक मायनर' त्यात आहे. बाबा शेजारी येऊन बसले. आता ब्याऐंशी, उजव्या कानाला यंत्र. मी खेळ निवडला आणि तो दोन-तीन सेकंदांत सुरू झाला.

"लागला?" त्यांनी विचारलं.

"लागला."

"कॅसेट?"

"कॅसेट लागत नाही याला, बाबा."

त्यांनी ते माझ्या मांडीवरून उचललं, चालूच होतं तरी. उलटं केलं, कडा बघितल्या, मागची बाजू डोळ्यांजवळ नेली, नखाने एक भोक तपासलं.

"मग स्क्रू कुठून फिरवायचा?"